सहावा धडा

१

समितीचे अध्यक्ष यंत्राच्या नळीला डोळा लावून बराच वेळ वाकून बसले. मग उठले, रुमालाने डोळा पुसला आणि म्हणाले, "मास्तर, तुमचे राक्षस आज रजेवर गेलेले दिसतात."

खोलीत हशा पिकला. जीवराम मास्तरांचा चेहरा मात्र पांढरा पडला. त्यांनी कळशीतला दुसरा थेंब काचपट्टीवर घेतला, मग तिसरा. असे सात थेंब झाले. पाणी स्वच्छ होतं. त्यात काही म्हणजे काही हलत नव्हतं.

ही गोष्ट एप्रिल १९३९ मधली, एका शनिवारची. पारोळ्याहून धरणगावला जाताना आमचं बोरटेक लागतं. तिथल्या वाचनालयाचा मी ग्रंथपाल. लोक मला नाना म्हणतात, आणि पुस्तक परत मागितलं की आणखीही काही म्हणतात. त्या वर्षी आम्ही मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचे छोटे वर्ग काढले होते. तीन आठवडे इतिहास, तीन आठवडे चित्रकला आणि विज्ञानाचे आठ धडे. इतिहास मी शिकवला. पहिल्या दिवशी चाळीस जण होते, शेवटच्या दिवशी सात, आणि त्यातले दोन झोपलेले. विज्ञानाला धुळ्याहून जीवराम मास्तर आले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली आमच्या बारवेतलं पाणी ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून खोलीत बसायला जागा उरली नाही.

आमच्या गावाला नारूचा शाप होता. उन्हाळा आला की कुणाच्या घोट्याला, कुणाच्या पोटरीला फोड यायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा डोकं काढायचा. तो कापसाच्या काडीवर गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. असे महिना-दोन महिने जात. घाईत तुटला तर पाय सुजायचा, कधी कायमचा आखडायचा. मास्तरांनी सांगितलं, की दुखरे पाय बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात जातात, तिथे किड्याची पिल्लं सुटतात, ती पाण्यातल्या बारीक जीवांच्या पोटात शिरतात, आणि ते जीव आपण पितो. या उन्हाळ्यात प्यालेलं पुढच्या उन्हाळ्यात पायातून निघतं. उपाय एकच. बारवेच्या पायऱ्या बुजवून वर कठडा आणि रहाट बसवायचा.

बावीस मोठ्या माणसांनी अर्जावर सह्या केल्या. त्यातली एकच बाई होती, कुंदाबाई. ती वाचनालयात पाणी भरायची आणि दाराजवळ बसून सगळे धडे ऐकायची. घरी तिची मुलगी बेबा पायात नारू घेऊन पडली होती. सही करता यावी म्हणून कुंदाबाईने आठ दिवस पाटी सोडली नव्हती.

अर्जावरूनच जळगावहून जिल्हा बोर्डाची तिघांची समिती आली होती. आणि आता अध्यक्ष टोपी घालत होते.

"साहेब, मी दुसरं पाणी आणतो," मास्तर म्हणाले. "बाटली भरून आत्ता आणतो."

"बाटलीतलं नको. बाटलीत तुम्ही काहीही घालाल, असं गावातूनच आमच्या कानावर आलंय. हे पाणी आमच्या डोळ्यांदेखत बारवेतून भरलेलं आहे. पायऱ्या बुजवण्याचं कारण आम्हाला दिसत नाही, आणि असे वर्ग चालू ठेवण्याचंही दिसत नाही."

मोटार धुरळा उडवत गेली. मास्तर मात्र बाटली घेऊन बारवेकडे पळाले. पाव तासाने परत आले, थेंब काचपट्टीवर घेतला आणि काही न बोलता मला नळीकडे ढकललं. मी डोळा लावला. तिथे ते सगळे होते. पाठीला दोन गोण्या बांधलेल्या बैलासारखे, टुणटुण उड्या मारणारे, एका डोळ्याचे.

"बारव तीच, सकाळ तीच," मास्तर म्हणाले. "नाना, कळशीतलं पाणी कुणीतरी बदललं."

२

आमच्या गावात असलं कोडं घेऊन जायचं ठिकाण एकच, तोताराम आबांचा ओटा. आबांनी भुसावळला रेल्वेत तीस वर्षं रूळ तपासण्यात घालवली होती. गाडी घसरली की साहेब लोक ड्रायव्हरला धरायचे आणि आबा कंदील घेऊन रुळावर बसायचे. पेन्शनीत आल्यावर ते आमच्या तिन्ही वर्गांना आले. इतिहासाच्या वर्गात झोपलेल्या दोघांतले एक तेच.

"आधी माणूस शोधू नका," आबांनी सांगितलं. "आधी पाणी कुठून कुठे गेलं ते सांगा."

मी सांगितलं. सकाळी नऊला समिती, पाटील, मास्तर आणि मी बारवेच्या काठावर उभे होतो. कुंदाबाई खाली उतरली, घागर भरून वर आली. आम्ही पुढे वाचनालयात गेलो, ती मागून आली. पाणी मागच्या पडवीत ठेवलं. पाहुण्यांचे चहा-पोहे झाले, त्यात अर्धा तास गेला. मग कळशी आत आली.

"घागर भरली आणि कळशी आत आली?" आबांनी विचारलं.

खरंच की. बारवेत भरली ती पितळी घागर होती, पोटाला पोचा पडलेली. टेबलावर होती ती वाचनालयाची तांब्याची कळशी, चिंच लावून लख्ख घासलेली. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि बघितलं नव्हतं. ग्रंथपालाला फक्त पुस्तकं जागेवर नसलेली दिसतात.

"कुंदाबाईला विचारलं?"

"ती लगेच घरी गेली. बेबाचा नारू तुटलाय आज. पाय मांडीपर्यंत सुजला म्हणतात. दोन दिवस ती यायची नाही."

आबांनी मान हलवली. "मग तिला त्रास नको. अर्ध्या तासात पडवीत कोण कोण गेलं?"

दोघे गेले होते. पहिले पितांबर पाटील. त्यांच्या आजोबांनी बारव बांधली, त्यांचं नाव दगडात कोरलेलं आहे. बाटलीची कंडी पिकवली ती त्यांनीच, आणि पाणी समोर भरावं ही अटही त्यांचीच. आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते खाटेवर पाय पसरून बसले होते.

"मना आजानी बांधेल बारव शे, नाना. गावना बठ्ठा लोक तिनं पानी पेतस. तिले तुम्ही जहर म्हनतस?"

"पडवीत कशाला गेला होता, पाटील?" आबांनी विचारलं.

"पान थुकाले. तेबी गुन्हा शे का?" मग त्यांचा आवाज उतरला. "माले पानी बदलानी गरज काय व्हती? माले खात्री व्हती, पानीमा काहीच नही. मास्तरच खोटा शे, असंच माले वाटे."

त्यांनी धोतर सावरलं तेव्हा मला दिसलं. त्यांच्या पोटरीला कापसाची काडी बांधलेली होती.

३

रविवारी सकाळी आबा वाचनालयात आले. कळशी तशीच टेबलावर होती. त्यांनी पेला बुडवला आणि ते घटाघटा पाणी प्यायले.

"आबा!" मास्तर ओरडले.

"का? तुमच्या यंत्रानंच स्वच्छ ठरवलंय ना?" आबांनी ओठ पुसले. "मचूळ आहे. जिभेला मिठासारखं लागतं. गावात असं पाणी कुठलं?"

"बारवेचंच," मी म्हणालो. बाकीच्या विहिरी गोड्या, पण चैत्रात आटलेल्या.

"म्हणजे पाणी कुणी बदललेलं नाही. भांडं बदललं, पाणी तेच राहिलं."

मास्तर खुर्चीत बसले. "मग जीव कुठे गेले? औषध घातलं असतं तर मेलेले तरी दिसले असते. काचपट्टीवर एकही मेलेला नव्हता."

आबांनी पेला टेबलावर ठेवला. ते दुसऱ्या माणसाकडे निघाले. पडवीत गेलेला दुसरा माणूस म्हणजे बन्सीलाल, पेठेतला कापडवाला, वाचनालयाचा चिटणीस. त्याच्याबद्दल गावात पूर्वीपासून कुजबुज होती. घरोघर नारू, आणि बन्सीलालच्या घरात तीन पिढ्यांत एकालाही नाही. लोक म्हणायचे, त्याला काहीतरी माहीत आहे आणि तो सांगत नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. अर्जावर त्याने सही केली नव्हती.

"सही का केली नाही?" आबांनी थेट विचारलं.

"पायऱ्या बुजवायच्या म्हणजे जीवहत्या. आमच्यात चालत नाही. पण मी विरोध तरी कुठे केला?"

"पडवीत कशाला गेला होतात?"

"हात धुवायला. पोह्यांना तेल फार होतं, नाना, राग मानू नका."

"तिथे कोण होतं?"

"कुणीच नव्हतं. रिकामी घागर उपडी घातलेली, कळशीवर झाकण, आणि कुंपणावर एक फडकं वाळत टाकलेलं. मांजरपाटाचं, कोरं. माझ्याच दुकानातलं होतं, काठावरून ओळखलं."

"कुणी नेलं होतं ते?"

बन्सीलाल डोळे मिटून आठवू लागला. एवढ्यात त्याच्या बायकोने आमच्यासमोर पाण्याचे तांबे ठेवले. आबांनी उचलून घोट घेतला आणि तांबा तसाच हातात धरून ठेवला.

"हे मचूळ आहे, शेठ. तुम्हीही बारवेचंच पिता?"

"गावात दुसरं आहे कुठलं?"

आबा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू रुळाचा सांधा उखडलेला सापडावा आणि गाडी तर केव्हाच येऊन गेलेली असावी.

"नाना," ते हळू म्हणाले, "यात चोर कुणी नाही. असता तर बरं झालं असतं."

४

वाटेत मी त्यांना दहा वेळा विचारलं. 'उद्या,' एवढंच ते म्हणाले. सोमवारी सकाळी जळगावहून पत्र आलं. वर्ग ताबडतोब बंद करावेत, मास्तरांना पुन्हा बोलावू नये, यंत्र ज्याचं त्याला परत जावं. बावीस सह्यांचा अर्ज त्याच लखोट्यात परत आला होता. कुंदाबाईची सही सगळ्यात खाली होती. अक्षरं मोठी, एकेक ओळीबाहेर गेलेलं.

मास्तरांनी बांधाबांध सुरू केली. मंगळवारच्या मोटारीने ते जाणार होते. गावातली पोरंसोरं त्यांना बघून 'रजेवर, रजेवर' असं ओरडत होती. ज्यांनी सह्या केल्या होत्या तेही आता त्यांच्या वाटेला येत नव्हते. मला त्या माणसाची कीव आली आणि स्वतःचा संताप आला. मी काय करू शकत होतो? पत्र वाचून दाखवलं, एवढंच.

दुपारी आबा आले. "यंत्र अजून बांधू नका," ते मास्तरांना म्हणाले. "आणि मला एक सांगा नाना, शनिवारी कुंदाबाईला पाणी आणायला कुणी सांगितलं?"

"मीच सांगितलं."

"काय शब्दांत?"

मी आठवायला लागलो. 

"मी म्हणालो, 'कुंदाबाई, जळगावचे साहेब येणार आहेत, त्यांच्यासाठी पाणी आण. नीट आण.'"

५

कुंदाबाईचं घर गावाच्या कडेला, केळीच्या एका वाळक्या पट्ट्यालगत आहे. उन्हं कलली होती. ओसरीत बेबा पडली होती. चौदा वर्षांची पोर, डोळे मिटलेले, पाय लाकडासारखा फुगलेला. कुंदाबाई तिच्या पोटरीवर कडुनिंबाचा पाला बांधत होती. आम्हाला बघून तिने पदर सारखा केला.

"आबा, मास्तर, बसा. साहेब बठ्ठा गयात का? काय म्हनेत?"

तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. समिती असताना बायकांनी आत यायचं नाही, असं पाटलांनी ठरवलं होतं, आणि मी त्याला मान डोलावली होती. पाणी तिने पडवीतच ठेवलं, कळशी मी आत नेली.

"अक्का," आबांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "शनिवारी पाणी घागरीतून कळशीत का ओतलं?"

तिला प्रश्नाचं नवल वाटलं. थोडा अभिमानही वाटला असावा.

"घागर पोचेल शे, पाव्हनासना समोर कशी ठेवू? कळशी घाशी, नि पानी गाळीसन भरं. पाव्हनासले कोनी तसंच पानी देस का? पोरीना परकरसाठे कोरं मांजरपाट लयेल व्हतं, ते दोनपदरी करं, नि गाळं. साहेबसले आवडनं ना पानी?"

 मास्तर भिंतीला टेकले. मी जमिनीकडे पाहत राहिलो. आमच्याकडे पाहुण्याला पाणी गाळूनच देतात. माझी आई द्यायची, सगळ्यांच्याच आया देतात. इतकी रोजची गोष्ट, की तिच्यावर नजर ठरत नाही. आणि समितीसमोर कळशी ठेवताना ती माझ्या डोक्यात आली नाही.

"अक्का, तू पाच धडे ऐकलेस," मास्तर कसेबसे म्हणाले. "ते पाणी यंत्राखाली ठेवायचं होतं."

"यंतरना पानी तं तुम्हीच रोज बाटलीमा लयेत, मास्तर. माले वाटनं, हाई पेवानं शे."

आबांनी बारवेतून एक लोटा भरून आणला होता. त्यांनी तिच्याकडे ते मांजरपाट मागितलं. तिने पेटीतून काढून दिलं, धुऊन घडी केलेलं. आबांनी ते दोनपदरी धरून पाणी गाळलं आणि फडक्यावर जे उरलं ते बशीत झटकलं. मास्तरांनी ओसरीच्या तोंडाशी, कलत्या उन्हात बरोबर आणलेलं यंत्र मांडलं. पहिल्या काचपट्टीवर गाळलेलं पाणी होतं, दुसऱ्या पट्टीवर फडक्यावरचं.

कुंदाबाईने नळीला डोळा लावला. पहिलीत काहीच नव्हतं. दुसरीत तिने पाहिलं आणि तशीच वाकून राहिली. माझ्या पाठीला रग लागली, तरी ती उठली नाही.

"म्हंजे ह्या बठ्ठा मीच धरी ठेयात?" अखेर तिने विचारलं. "साहेबसले दखावाले पाहिजेत व्हत्या, त्या ह्या कापडमा ऱ्हायन्यात?"

"हो," आबा म्हणाले.

"मंग बारव आते बंद व्हनार नही?"

"नाही."

ती बेबाकडे वळली. तिचा चेहरा हळूहळू बदलला. तिच्या मनात काय आलं ते माझ्या आधी मास्तरांना कळलं असावं, कारण त्यांनी तोंड फिरवलं.

"नुसतं कापडवरी ह्या अडकतस? बन्सी शेठना घर बठ्ठं गाळीसन पेतस, म्हनीसन कोनले नारू नही?"

"होय."

"मंग मास्तर, तुम्ही सांगं काबर नही? घर तं आम्हीच पेतस, म्हनीसन मी कधी गाळं नही. पाव्हनासले गाळं, नि पोरले तसंच दिन्हं."

जीवराम मास्तर धुळ्याला मोठमोठ्या सभांत बोललेले गृहस्थ. ते काचपट्टी पुसत राहिले.

"सांगणार होतो, अक्का," ते म्हणाले. "गाळण्याचा धडा सहावा होता. समिती पाचव्यानंतर आली."

"मंग सहावा धडा कवय व्हनार?"

लखोटा माझ्या खिशात होता. मी तो बाहेर काढला नाही.

६

परतताना आबांनी विचारलं, आता समितीला कळवायचं का. मास्तर म्हणाले, "कळवतो, पण बाईचं नाव घालणार नाही. गाव तिला फाडून खाईल." त्यांनी चार पानी पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींत आलं. पाणी गाळल्याने स्वच्छ होत असेल तर बारव बुजवण्याची गरज उरत नाही, फेरतपासणीचं कारण दिसत नाही. आबांनी ते वाचून चष्मा काढून ठेवला. मास्तर ठरल्या मंगळवारीच गेले होते, खोटारडे म्हणूनच गेले.

मी घरोघर जाऊन गाळायला सांगितलं. पाटील म्हणाले, आजोबांच्या पाण्याला गाळणी लावणं म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकणं. त्यांच्या पोटरीवरची काडी तेव्हा दुसऱ्या पायावर गेली होती. कुंदाबाई रोज बारवेवर बायकांना सांगायची. त्या हसायच्या. "आम्ही काय साहेब शेतस का, गाळीसन पेवाले?" तीन-चार घरांनी ऐकलं, बाकीच्यांनी नाही. घरात नेसायला धड लुगडं नाही तिथे दोनपदरी कोरं कापड पाण्यासाठी कोण ठेवणार? मी चिडायचो आणि मग मलाच माझी लाज वाटायची. तीस वर्षं मीही तेच पाणी तसंच पीत होतो ना?

बेबा वाचली. पाय गुडघ्यात आखडला, तो सुटला नाही. तिचा परकर काही शिवून झाला नाही, मांजरपाट घागरीवरच राहिलं.

हे मी पुढच्या एप्रिलमध्ये लिहितो आहे, खाटेवर बसून, उजवा पाय उशीवर ठेवून. घोट्याला फोड आला आणि परवा त्यातून दोऱ्याने डोकं काढलं. वर्षभर मी गाळूनच पितो. पण हा त्याच्या आधीचा, शनिवारच्या त्या कळशीच्याही आधीचा. त्याला आता कुणी काही करू शकत नाही. रोज बोटभर ओढायचा आणि तुटू द्यायचा नाही, एवढंच.

काल कुंदाबाई आली. बेबा काठी टेकत तिच्यामागे आली आणि तिने काडी धरायला मदत केली. जाताना कुंदाबाईने माझा माठ रिकामा केला, तोंडाला ते जुनं मांजरपाट दोनपदरी बांधलं आणि घागर त्यावर सावकाश ओतली.

"राहू दे, अक्का," मी म्हणालो. कळ सोसवत नव्हती, त्यामुळे जरा तिरसट बोललो. "आता गाळून काय उपयोग?"

तिने हात थांबवला नाही.

"हाई पुढला सालनं शे, नाना," ती म्हणाली, आणि फडकं सोडून, एक कोपरा बेबाच्या हातात देऊन ते पिळलं.